गुणी शिंगरू

आमच्या घरी घोडी आहे असं सांगितलं की माणसं जरा सावरून बसतात. त्यांना वाटतं, मोठं खटलं असणार. तसं काही नाही. परंड्यात आणि आसपासच्या खेड्यांत नवरदेव ज्या पांढऱ्या घोडीवर बसून मारुतीला जातो, ती घोडी आमची. नवरदेव एका दिवसाचा राजा असतो, त्याला पाठीवर घेणारी बाराही महिने आमच्या दारात उभी असते. तिची झूल मी शिवते, कपाळावरचे गोंडे मी करते आणि तिची लीदही मीच काढते.

घोडीचे खरे मालक माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणते. नवरा टेंपो चालवतो, दिवसभर कुर्डुवाडीच्या रस्त्यावर असतो आणि त्याला घोडीपेक्षा डिझेलचा वास बरा वाटतो. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. म्हणजे दिवसा घरात कोण, तर मामा, मी, घोडी आणि माझी लेक. लेक नऊ वर्षांची आहे. ती चालत नाही, बोलत नाही. हातपाय ताठ आणि अंग काडीसारखं, पण हसते मात्र खळखळून, आणि कशाला हसेल याचा नेम नाही. सकाळी मामा तिला उचलून तबेल्याच्या सावलीत बाजेवर आणून ठेवतात, अंगाला तेल लावतात आणि घोडीशी जे बोलतात तेच तिच्याशी बोलतात. दोघींपैकी एकही उलट उत्तर देत नाही, म्हणून त्यांचं बरं जमतं.

लेकीचं आधीच सांगून टाकते. ती जन्मताना अडकली होती. बाळंतपण लांबलं आणि बाहेर आली तेव्हा रडली नाही, नुसतं कुईं केलं. घरी आणल्यावरही तिचा आवाज नव्हता. भांडं पडलं तरी दचकायची नाही. बारशाला दारात हलगी वाजली, आलेली सगळी लेकरं घाबरून आयांच्या पदरात शिरली, आणि ही आढ्याकडे टक्क बघत पडून राहिली. मामांनी सगळ्यांदेखत सांगितलं की पोरगी लई गुणी आहे, घोडीच्या घरात शोभती. मग येणारा जाणारा तेच म्हणायला लागला. मी पहिलटकरीण. शेजारच्या लेकरांनी रात्रभर घर डोक्यावर घ्यावं आणि माझीनं गुमान झोपावं, यात काही वाईट असेल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बार्शीला लेकरांच्या डॉक्टरांकडे नेली तेव्हा मान धरायचं वय उलटून गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला आहे. आधी आणली असती तर बरी झाली असती असं नाही, पण व्यायामानं थोडं जास्त हाती लागलं असतं.

त्यानंतर आमच्या घरात गुणी हा शब्द लेकीच्या बाबतीत कुणी उच्चारला नाही. मामांना मी कधी काही बोलले नाही. सासरा तो सासरा. पण त्यांच्यासाठी एक वाक्य मी मनात तयार करून ठेवलं होतं, चांगलं धार लावून, आणि भाकरी थापताना ते मनातल्या मनात हजार वेळा बोलून झालं होतं.

घोडी आता उतरणीला लागली होती. तिचं आधीचं शिंगरू दिवस भरायच्या आतच गेलं होतं, आणि तिच्यामागं दावणीला कुणी नव्हतं. या खेपेला ती गाभण राहिली आणि मामांचा सगळा जीव तिच्या पोटात जाऊन बसला. त्यांनी तिला दसऱ्यानंतर वरातीला लावलं नाही. लोक चिडले, दुसरीकडून घोडी आणली, मामांनी ऐकून घेतलं. हे शिंगरू जगलं नाही तर मामा काय करतील हे मला ठाऊक होतं. काही करणार नाहीत, बसून राहतील. राबता माणूस बसून राहिला की फार दिवस टिकत नाही, हे मी माझ्या वडिलांच्या बाबतीत बघितलेलं आहे.

पौषात, लग्नं नसताना, उजाडायच्या सुमाराला ती व्याली. मामा परसात तोंड धुवायला गेले आणि परत येईतो शिंगरू खाली पडलेलं. इतक्या झटक्यात की मामांना काही करावंच लागलं नाही. पांढऱ्या घोडीचं पिल्लू जन्मताना काळपटच असतं, पुढं उजळतं. तसंच हे होतं, काळंभोर, कपाळावर बोटभर पांढरं. थोड्या वेळानं धडपडत उभंही राहिलं. मामांनी गुळाचा खडा घोडीच्या तोंडात घातला आणि उरलेला स्वतःच्या.

आता आमच्या घरची रीत सांगते. वरातीच्या घोडीचं शिंगरू जन्मलं की त्याचं अंग वाळायच्या आत त्याच्याजवळ हलगी वाजवायची. शिंगरू उडी मारून आईच्या आड पळालं आणि मग तिच्या पोटाखालून मान काढून बघायला लागलं, तर चांगलं. नुसतंच पळालं तर मेहनत जास्त घ्यावी लागणार. आणि मुळीच दचकलं नाही तर मग विचारायलाच नको. बँड, फटाके, नाचणारी पोरं, कशालाच न बुजणारी घोडी कुणाला नको असते? मामांच्या वडिलांनी तसं एक शिंगरू बघितलं होतं म्हणे. मामांनी स्वतः एकही नाही.

त्या सकाळी मामांनी हलगी शेकून घेतली, तबेल्याच्या दारात उभे राहिले आणि कडाडून वाजवली. कोंबड्या उडाल्या, घोडीनं कान मागं टाकले. शिंगरू होतं तसं उभं. मामा दोन पावलं पुढं गेले, अगदी त्याच्या कानाशी. तरीही शिंगराची पापणी हलली नाही. मामांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता हे रडतात.

"बुजलं न्हाय," ते म्हणाले. "सूनबाई, बघितलं का? असलं जनावर जन्मात एकदाच गावतं. लई गुणी."

मी पाण्याची कळशी घेऊन उभी होते. तो शब्द कानावर पडला आणि कळशी खाली ठेवावी लागली. पण तेवढ्यावर कुणाला काय बोलणार? त्यांच्या आनंदाच्या दिवशी मी कुठं तोंड घालू? मामांनी गल्लीत गूळ वाटला. बँडवाले बघायला आले आणि त्यांनीही ताशा वाजवून बघितला. शिंगरू भिंतीकडे तोंड करून उभं होतं. सगळे म्हणाले, साधू आहे साधू, मागल्या जन्मी तप केलेलं दिसतंय.

दुपारी घोडीसाठी बाजरीची गरम कणेरी घेऊन गेले तेव्हा सगळे पांगले होते. घोडीची कास तटतटली होती आणि सडांतून चीक ठिबकून खाली माती भिजली होती. ती मान वळवून हळू आवाजात शिंगराला बोलवत होती. शिंगरू तिच्यापासून लांब, कोपऱ्यात, भिंत चाटत होतं. जीभ एका बाजूनं बाहेर लोंबत होती. मी त्याला ढकलत आईजवळ नेलं. ते कासेखाली गेलं, तिथून पलीकडं निघालं आणि पुन्हा जाऊन भिंतीला लागलं. मग त्यानं एक आवाज काढला. खिंकाळणं नव्हे ते, कुत्र्याच्या पिल्लासारखं काहीतरी. बाजेवरची माझी लेक त्या आवाजाला खदखदून हसली.

मी खाली बसून त्याच्या डोळ्यांत बघितलं. डोळे उघडे होते, स्वच्छ होते, पण नजर कशावर टेकतच नव्हती. माझ्यावरून गेली, आईवरून गेली, दारावरून गेली. ती नजर मी ओळखते. मी ती महिनोन्‌महिने मांडीवर घेऊन बसले आहे.

मामांना सांगितलं की शिंगरू अजून प्यायलेलं नाही. ते म्हणाले, लागंल की, घाई कशाला, गरीब जनावर आहे, दमानं घेणार. मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा तेच म्हणाले. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी त्यांना काही न विचारता जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला. नऊ वर्षांपूर्वी माझ्याकडे फोन नव्हता आणि अक्कलही नव्हती, आता दोन्ही होतं. फोनवर मी सांगितलं की शिंगरू हलगीला दचकत नाही. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "आणि दूध?" एवढाच प्रश्न मला त्या दिवशी शहाण्या माणसानं विचारलेला.

डॉक्टरबाई स्कूटीवरून आल्या. वयानं लहान, मुरुमकडच्या, बोलण्यात मधूनच कानडी हेल. त्यांनी आधी शिंगराच्या तोंडात बोट घातलं. कुठलंही पिल्लू बोट ओढून चोखतं. यानं नाही चोखलं. त्यांनी कानाशी टाळी वाजवली, डोळ्यासमोर हात हलवला, छातीला नळी लावून ऐकलं. मामा शेजारी उभे राहून अजूनही सांगत होते की हे कसं झटक्यात बाहेर आलं आणि कशालाच कसं बुजत नाही. बाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे म्हणाल्या, "बाबा, हे धीट नाही. हे अजून जागंच झालेलं नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. पोटात असताना शिंगराला निसर्गानं गुंगीत ठेवलेलं असतं, नाहीतर ते आतच लाथा झाडेल. बाहेर येताना वाटेत त्याचं अंग चांगलं आवळून निघतं, आणि त्या आवळण्यानंच त्याला कळतं की आता उठायचं. हे इतक्या झटक्यात आलं की त्याला कुणी उठवलंच नाही. बाहेर येऊनही ते आत असल्यासारखंच आहे. त्याला आई कळत नाही, भूक कळत नाही, भीती कळत नाही. असंच राहिलं तर उपाशी मरेल. काही शिंगरांच्या मेंदूला खरोखरच इजा झालेली असते, ती वेगळी. हे कुठल्या जातीचं आहे ते करून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

माझी अडकली म्हणून तशी झाली आणि हे सुटकन आलं म्हणून असं झालं. देवाच्या घरी जन्म घ्यायची नेमकी रीत कोणती आहे, हे एकदा कुणीतरी लिहून द्यायला पाहिजे.

हलगी दाराशी टेकवून ठेवली होती, ती मामांनी उचलली आणि आत नेऊन ठेवली. परत आले ते बाह्या वर करून. काय करायचं सांगा, म्हणाले.

आधी पोटात चीक जायला हवा होता. मामांनी घोडीखाली बसून पातेल्यात चीक काढला, बाईंनी शिंगराच्या नाकातून बारीक नळी घातली आणि मी नरसाळ्यानं थोडा थोडा ओतला. मग बाईंनी मऊ दोर मागितला. वरातीत घोडीला लावायचा सुताचा दोर होता, तोच दिला. त्या म्हणाल्या, शिकताना ही रीत दाखवली होती आणि मुरुमजवळ एका शिंगरावर त्यांनी ती स्वतः केली आहे, ते जगलं. शिंगराच्या छातीभोवती दोराचे वेढे घेतले आणि मागून हळूहळू आवळत नेलं. एकदम नाही, झटका नाही. जन्माची वाट जशी आवळते तसं.

शिंगरानं एकदा पाय ताणले आणि त्याचे गुडघे वाकले. ते आडवं झालं. मान टाकली, डोळे मिटले. घोडी दावं तोडायला लागली. मामांना वाटलं ते गेलं. त्यांनी बाईंच्या हातावर हात ठेवला, पण बाई म्हणाल्या, श्वास बघा. पोट वरखाली होत होतं. गाढ झोपलं होतं ते. वीसेक मिनिटं बाईंनी दोर तसाच ताणून धरला, हात भरून आले की मामा धरायचे. मी लेकीच्या बाजेवर बसून तिचे पाय चोळत राहिले. ते पाय मी नेहमीच चोळते, पण त्या दिवशी जरा जोरात चोळले असतील, कारण ती कुरकुरली.

दोर सोडला. शिंगरू उठलं, अंग झाडलं, आणि आमचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच वळून भिंतीकडे गेलं.

मामा मटकन खाली बसले. बाई म्हणाल्या, एकदा केल्यानं सगळी जागी होत नाहीत, उद्या पुन्हा करू, तोवर पोटात दूध जात राहिलं पाहिजे. नळी त्यांनी पट्टीनं चिकटवून ठेवली आणि ती जागेवर आहे ना हे आधी कसं बघायचं ते मला शिकवलं. नवरा संध्याकाळी आला, बघितलं आणि म्हणाला, उगं जिवाला लावून घेऊ नका. त्याला सांगायला काय जातं?

त्यानंतर सकाळपर्यंत मी आणि मामांनी जे केलं ते एकच काम पुन्हा पुन्हा केलं. त्यांनी चीक काढायचा, मी ओतायचा. इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही दोघं एका पातेल्यावर कधी वाकलो नव्हतो. माझ्या मनातलं ते तयार वाक्य त्या वेळात कितीदा तरी ओठांवर आलं. आता बोलले तर ते मुकाट ऐकून घेतील, हे दिसत होतं. आणि मुकाट ऐकून घेणाऱ्याला बोलण्यात काही गंमत नसते.

सकाळी ऊन वर आल्यावर बाई आल्या. मामांनी लेकीला उचलून बाजेवर ठेवली, नेहमीसारखी, आणि दोर हातात घेतला. पुन्हा वेढे, पुन्हा आवळणं, पुन्हा ते आडवं होऊन झोपणं. या वेळी घोडीही गप्प उभी राहिली. दोर सोडल्यावर शिंगरू थोडा वेळ तसंच पडून राहिलं. मग त्यानं मान उचलली. उठलं. अंग झाडलं. कोपऱ्यात एक बादली पडली होती, ती माझ्या पायाचा धक्का लागून वाजली.

शिंगरू दचकलं. चारही पाय उचलून उडालं आणि आईच्या पोटाला जाऊन चिकटलं. थरथरत होतं. मग तिथंच नाक घासत, हुंगत, मांडीत, पोटाला, पुन्हा मांडीत, असं करत त्याच्या तोंडात सड आला. चोखण्याचा आवाज आला. घोडीनं डोळे मिटून घेतले.

मी रडले. आनंदानं रडले हे खरं, पण सगळं सांगायचं तर मला घोडीचा हेवाही वाटला. एक दोर, मऊसा, घरातलाच, आणि तिचं लेकरू तिला ओळखायला लागलं.

बाई नळी काढून हात धुवायला ओसरीच्या कडेला बसल्या. मी वरून पाणी घालत होते. मामा जवळ येऊन उभे राहिले. शिंगराविषयी काही विचारतील असं मला वाटलं. त्यांनी कडब्याचा भाव विचारावा तशा आवाजात विचारलं, "म्याडम, ह्यो दोर माणसाच्या लेकराला चालतो का?"

बाईंनी वर बघितलं, मग बाजेकडे बघितलं.

"आता न्हाय म्हणत म्या," मामा म्हणाले. "तवा. जन्मली तवा केलं असतं तर?"

"नाही बाबा," बाई म्हणाल्या. "माणसाचं वेगळं असतं. तेव्हाही झालं नसतं."

मामांनी मान हलवली. ते ऐकून त्यांना बरं वाटलं की वाईट, मला कळलं नाही. माझ्या हातातला तांब्या रिकामा झाला होता, तरी मी तो तसाच तिरपा धरून उभी होते. नऊ वर्षं मला वाटत होतं की मामा विसरले. म्हातारा एक शब्द बोलून मोकळा झाला आणि ओझं मी वाहते आहे, असं माझं पक्कं ठरलं होतं. मी म्हणाले, "मामा, तुमी एकटे थोडेच म्हणला. समदं गावच गुणी म्हणत हुतं."

"गावाचं सोड," ते म्हणाले. "गाव जेवून गेलं. बारशाला हलगी माझ्या हातात हुती. ती दचकली न्हाय ते म्या बघितलं, आणि म्या हसलो."

बाई उठून शिंगराकडे गेल्या, मुद्दाम गेल्या असतील. मला काहीतरी बोलायला हवं होतं. त्या धार लावलेल्या वाक्याची जागा मनात चाचपून बघितली, तिथं काही नव्हतं.

ऊन बाजेवर आलं होतं. मामांनी लेकीला उचललं, एक हात गुडघ्यांखाली आणि दुसरा मानेमागं, पसरलेला तळवा, ओल्या बाळाला धरतात तसा. ती आता मान धरते. चार वर्षांची झाली तेव्हापासून धरते. तिला आधार लागत नाही आणि मामांना ते माहीत आहे, तरी त्यांचा तळवा आजही तिथं जातो. मला त्याचा राग यायचा, लेकराला अजून तान्हं समजतात म्हणून. कितीदा म्हणणार होते की मामा, काढा तो हात. त्या सकाळी मी पुढं होऊन नुसता दरवाजा उघडून धरला, आणि ते तिला तसंच, मानेला हात लावून, आत घेऊन गेले.